डिस्क गेली म्हणण्याआधी

सातारा-सांगली पट्ट्यातल्या छापखान्यांत, अडत दुकानांत पेंटियम फोरच्या काळातले संगणक अजून सापडतात. मालक कंजूष असतात असं नव्हे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी मराठी पानं लावलेली आहेत, त्याचं कुलूप प्रिंटरच्या जाड पोर्टला बसतं आणि नव्या संगणकांना तो पोर्टच नसतो. म्हणून साताऱ्याहून एसटीने सांगलीला असे संगणक दुरुस्त करायला जाताना मला ते कधी भंगाराचं काम वाटलं नाही.

गणपती पेठेतल्या एका हळद व्यापाऱ्याच्या संगणकावरची दुसरी डिस्क दिसेनाशी झाली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्यांच्या कागदी वह्यांचा लगदा झाला. माळ्यावर चढवलेला संगणक तेवढा वाचला. जुने हिशेब फक्त त्या दुसऱ्या डिस्कवर. "आतलं तेवढं वाचवा दादा, बाकी काय बी करा," एवढंच ते म्हणाले.

झाकण काढलं तर कनेक्टरच्या कडेने पिवळी, बारीक पूड बसलेली. ब्रशने झाडली, पण डिस्क दिसेना. जुन्या मदरबोर्डावर आयडीईच्या दोन वाहिन्या असतात : पहिलीचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक, १४, दुसरीचा १५. एकेका वाहिनीवर दोन उपकरणं, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण हे मागचा इवलासा जंपर ठरवतो. दोघंही मास्टर झाले की बायोस गोंधळतो. इथे जंपर बरोबर होते. केबल बदलली : ऐंशी तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डात, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. तरीही शुकशुकाट. मग दुसऱ्या वाहिनीवरची तीच डिस्क पहिल्या वाहिनीवर लावली आणि बायोसमध्ये तिचं नाव लख्ख उमटलं. चालू असलेली वेगळी डिस्क दुसऱ्या वाहिनीवर लावली, तीही दिसेना. म्हणजे डिस्क ठणठणीत होती, मदरबोर्डाची दुसरी वाहिनीच गेली होती.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही या कामातली सगळ्यात अवघड शिस्त. गिऱ्हाईक शेजारी उभं असलं की केबल, जंपर, डिस्क सगळं एकदम बदलून टाकायचा मोह होतो. तसं केलं की संगणक चालू होतो, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच फोन पुन्हा येतो.

पहिल्या वाहिनीवर असतानाच सगळे हिशेब उतरवून घेतले. हे आधी, बाकीचं नंतर. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं पीसीआय कंट्रोलर कार्ड बसवलं. कार्डाला स्वतःचा बायोस असतो, तो सुरू होताना वेगळा पडदा दाखवतो. तिथे डिस्क दिसली. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र कार्डाच्या नावावर पिवळी खूण. कार्ड ग्राफिक्सच्या एजीपी स्लॉटला लागून असलेल्या स्लॉटमध्ये होतं आणि अनेक बोर्डांवर हे दोन स्लॉट एकच इंटरप्ट वाटून घेतात. कार्ड खालच्या स्लॉटमध्ये सरकवलं आणि खूण गेली.

अशा कार्डांबाबत दोन गोष्टी जपायला हव्यात. कार्ड रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणारं, असेल तर ते 'अ‍ॅरे तयार करू का' असं विचारतं. डिस्कवर जुनी माहिती असताना होय म्हणू नका, सगळं पुसलं जाऊ शकतं. दुसरं, १३७ जीबीची मर्यादा. जुने कंट्रोलर २८ बिटांचा पत्ता वापरतात आणि त्यापुढे त्यांची मजल जात नाही. विंडोज एक्सपीलाही सर्व्हिस पॅक १ आल्यावरच मोठ्या डिस्क नीट समजू लागल्या. त्याआधीच्या विंडोजवर मोठी डिस्क लावून ती भरत गेलं, की मर्यादेपुढचं लिखाण सुरुवातीच्या माहितीवर चढण्याचा धोका असतो, आणि तो बिघाड पडद्यावर लगेच दिसतही नाही.

व्यापाऱ्यांचे हिशेब आता आणखी एका डिस्कवर आहेत आणि ती डिस्क त्यांच्या घरी असते. तुमच्याकडेही असा संगणक असेल आणि कोणी 'फॉरमॅट मारू का' असं विचारलं, तर आधी तीच डिस्क वेगळ्या वाहिनीवर, वेगळ्या केबलने लावून दाखवायला सांगा.