जमिनीपासून वर

भुऱ्याचे मागचे पाय थकले आणि आमच्या घराचा नकाशा बदलला. पुण्यातल्या पाचव्या मजल्यावरच्या या फ्लॅटचं काम आम्ही खरं तर स्वतःसाठीच काढलं होतं. गळकं न्हाणीघर, फुगलेलं प्लायवूड, एवढंच डोक्यात होतं. खर्चाचा अंदाज मांडत बसलो असताना भुऱ्या पाणी प्यायला उठला. पुढचे पाय उभे राहिले, मागचे दोन बाजूंना फाकत गेले, चकचकीत टाइलवर नखं करकरली आणि तो परत खाली बसला. पाण्याचं भांडं वीतभर पुढे होतं. मी ते त्याच्या तोंडाशी नेलं आणि नवऱ्याला म्हटलं, आधी फरशी.

आपण घर सजवतो ते आपल्या डोळ्यांच्या उंचीला. भिंतींचा रंग, पडदे, दिवे. कुत्र्याचं घर म्हणजे जमीन. तिच्यावर तो झोपतो, चालतो, तिला पोट लावून उन्हाळा काढतो. व्हिट्रिफाइड टाइल दिसायला देखणी आणि पुसायला सोपी, पण पंजाच्या गादीला तिच्यावर पकड मिळत नाही. घसरायला लागलं की कुत्रा बोटं आवळून नखं रोवू बघतो. नखं तर रुतत नाहीतच, वर गादी उचलली गेल्याने होती तेवढी पकडही जाते. तरणा कुत्रा मांड्यांच्या जोरावर निभावून नेतो. म्हातारपणी मांड्या झडतात, सांधे दुखतात, मग घसरण्याच्या धास्तीने तो उठायचंच टाळतो आणि न उठल्याने मांड्या आणखी झडतात. आजोळी शेणाने सारवलेल्या पडवीत कुत्री म्हातारी होत, पण उठताना त्यांची अशी परवड झालेली मला आठवत नाही.

आम्ही बिनपॉलिशचा कोटा निवडला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा जिन्याला घालतात, हॉलला नाही." जिन्याला का घालतात, हेच तर माझं म्हणणं होतं. बाल्कनीकडे जाणाऱ्या पायरीला लांब, सावकाश चढणारा उतार करून घेतला. उताराची कड कळावी म्हणून सुतारकाकांनी लाल पट्टी आणली होती, ती बदलून पिवळी मागवली. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगवेगळे कळतात, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. हिरवट करड्या कोट्यावरची लाल पट्टी आपल्याला उठून दिसते, त्याला नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि उताराच्या दोन्ही कडांना पट्टी लावून दिली. मी एकाच कडेला सांगितली होती.

सायचं सगळं उलट. आमची ही मांजरी जमिनीवर फक्त जेवायला येते. तिला उंची लागते, आणि वर चढल्यावर उतरायला दुसरी वाट लागते, नाहीतर खाली कुत्रा उभा असला की ती वरच अडकून पडते. म्हणून हॉलच्या दारावरून फळ्या फिरवून दोन टोकांना दोन उतरण्या ठेवल्या. ती झोपून उठते तिथेच खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, कारण मांजर उठल्या उठल्या अंग ताणून ओरबाडतं. खांब हलता कामा नये आणि मागच्या पायांवर उभी राहिली तरी तिला पुरला पाहिजे. सोफा तेव्हापासून शाबूत आहे.

बाल्कनीच्या जाळीवरून मात्र घरात वाद झाला. मांजर उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही, असं पुष्कळांना वाटतं. 1987 साली न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार केलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जगली, हा आकडा तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहे. पण दवाखान्यात आणली गेली तेवढीच मांजरं त्यात मोजली होती. जी पडल्या जागी गेली, त्यांना कोण कशाला दवाखान्यात नेईल? आणि जगलेल्यांतही छाती, जबडे, पाय मोडलेली कितीतरी होती. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर कुरतडू शकतं, शिवाय उन्हाने ती कमकुवत होते. आम्ही स्टीलची लावली. महाग पडली, पण या खर्चात काटकसर करावी असं मला वाटत नाही.

कुंड्यांची निवडही नव्याने केली. मनी प्लँट आणि डिफेनबाखिया चघळले तर तोंडाची आग होते, आणि लिलीचे नुसते परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तिन्ही गेली. त्यांच्या जागी नवरात्रात घटासाठी पेरतो तसे गहू एका पसरट कुंडीत असतात, ते साय मनसोक्त खाते. फिनाईलही बंद केलं. त्यातले घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून आलेली मांजर पहिल्यांदा पंजे चाटते. कामाच्या मावशींना हे पटेना. "ताई, वास नाही आला तर पुसलंय हे कळायचं कसं?" मी सायचे पंजे दाखवले, तिचं चाटणं दाखवलं. आता त्या साध्या पाण्याने पुसतात आणि फरशी वाळेपर्यंत सायला आतल्या खोलीत ठेवतात.

चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्ब्युझिएने 1923-24च्या सुमारास जिनिव्हा सरोवराकाठी आईवडिलांसाठी एक छोटं घर बांधलं. त्यात रस्त्याकडे बघायला कुत्र्यासाठी भिंतीत खाली एक झरोका ठेवला आणि सरोवराकडे बघायला मांजरासाठी एक चौथरा. हे वाचल्यावर मी आमचं सेफ्टी डोअर निरखून पाहिलं. खाली प्लाय, वर जाळी. जिन्यात कोण आलंय हे आम्हाला दिसायचं, भुऱ्याला फक्त पावलं ऐकू यायची, आणि तो भुंकत राहायचा. दरवाजा उलटा करून घेतला. आता तो पडल्या पडल्या जिना बघतो. वरच्या मजल्यावरचे आजोबा जाताना खाली वाकून त्याच्याशी बोलतात. भुंकणं निम्म्यावर आलंय.

राहिलं न्हाणीघर. त्याचा उंबरठा चार बोटं उंच आहे आणि तेवढ्यालाही भुऱ्या अडखळतो. गवंडी म्हणतात, उंबरठा काढला तर पाणी बाहेर येईल. मी म्हणते, उतार आतल्या बाजूला वाढवा, दारात बारीक फटींची मोरीजाळी आडवी टाका. सोमवारी ते माप घ्यायला येणार आहेत.