साठ सेकंद

बालमित्रांनो, परीक्षा म्हटली की तुम्हांला काय आठवतं? प्रश्नपत्रिका, गुण आणि "किती मिळाले?" असं विचारणारे पाहुणे! आमच्या वलगावच्या घरात मात्र एका परीक्षेने सगळ्यांनाच पेशंट करून टाकलं होतं. माझी ताई ए.एन.एम.च्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती.

ए.एन.एम. म्हणजे गावच्या उपकेंद्रातली आपली नर्सबाई. बारावीनंतर दोन वर्षं शिकायचं, लेखी आणि प्रात्यक्षिक पास व्हायचं, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. ही नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही.

लेखीचं पाठांतर ताई अमरावतीच्या एस.टी.त उरकायची. प्रात्यक्षिकात मात्र पाठांतर पुरत नाही, हातांना सवय लागते. म्हणून सुरुवात हात धुण्यापासून. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. माय ओरडायची, "साबन सारी संपवतं काय वं?" आबाजी म्हणायचे, "धुऊ दे तिले. गाडगेबाबानं इथंच देह ठेवला." खरंच, २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबा गेले. कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडणारे बाबा! स्वच्छतेचा धडा आमच्या गावाला नवा नव्हता.

मग नाडी. त्यासाठी मी हक्काचा पेशंट! "काहून हालतं बे? मोजू दे ना मले." नाडी अंगठ्याने बघायची नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणी चुकते. नाडी झाली तरी ती मनगट सोडायची नाही. का, माहीत आहे? आता ती गुपचूप श्वास मोजत असायची! श्वास मोजतायत हे कळलं, की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

सगळ्यात अवघड तान्हं बाळ. शेजारच्या काकूंचं बाळ निजलं, की ताई घड्याळ घेऊन जायची. बाळ रडत किंवा दूध पीत असेल तर मोजायचं नाही. पोट वरखाली होताना पाहायचं आणि पुरता एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर? चालत नाही! बाळाचा श्वास एकसारखा नसतो.

आजारी बाळाच्या बाबतीत हा आकडा फार मोलाचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास झाले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि उपचाराला उशीर करायचा नाही.

ताई पास झाली. पुढे आपल्याच जिल्ह्यात, मेळघाटातल्या एका उपकेंद्रावर तिला नोकरी लागली. तिथे पाड्यापासून दवाखाना लांब, रस्ता घाटाचा, पावसाळ्यात नाले भरलेले. बाळाला रातोरात हलवायचं की घरीच औषध द्यायचं, हे ठरवताना हाताशी यंत्र नसतं. असतं एक घड्याळ आणि घोटून घोटून पक्की केलेली मोजणी. खरी परीक्षा तिथेच, आणि तिथे पुन्हा बसायची सोय नाही.

तेव्हा दोस्तहो, नर्सबाई बाळाच्या पोटाकडे टक लावून गप्प बसल्या असतील, तर तो एक मिनिट त्यांच्याशी बोलू नका. आणि आईबाबांनाही बोलू देऊ नका!