मंडळीच्या नावे मृत्युपत्र

माढा, जि. सोलापूर

चि. रूथ,

ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्रातून चर्चला किंवा मिशनच्या दवाखान्याला काही ठेवता येत नाही हे खरं का, असं तू विचारलंस. तुमच्या अमेरिकेतल्या चर्चमध्ये वयस्कर लोकांशी या विषयावर बोलायला मुद्दाम वकील बोलावतात, मग आपल्याकडे याबद्दल कुणी बोलत का नाही, हेही विचारलंस. फोनवर याचं उत्तर देणं मला जमलं नसतं. माझ्या वयाच्या माणसासाठी हा प्रश्न कायद्यापुरता उरत नाही, त्यामुळे हे उत्तर थोडं माझ्यासाठीही आहे. पत्र लांबणार आहे. मराठी वाचायला आता वेळ लागतो म्हणून दुसऱ्या कुणाकडून सारांश ऐकू नकोस. सावकाश का होईना, तूच वाच.

तू ऐकलंस ते २००३ सालापर्यंत बरंचसं खरं होतं. आपल्याला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५चा आहे. त्यातलं ११८वं कलम मात्र त्याहून जुनं, १८६५च्या कायद्यातून आलेलं. त्यात असं होतं की पुतण्या-भाचा किंवा त्याहून जवळचं नातलग हयात असेल, तर धर्मकार्यासाठी किंवा धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवणारं मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं हवं, आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते सरकारदरबारी जमा झालेलं हवं. माणूस अकराव्या महिन्यात गेला तर त्याची इच्छा कागदावरच राहायची. हा विचार मुळात इंग्लंडचा. तिथे १७३६ साली जमिनीच्या दानाबाबत असाच बारा आणि सहा महिन्यांचा नियम झाला होता. मरणाऱ्याच्या खाटेपाशी पाद्री बसेल, स्वर्गाची आशा दाखवून सही घेईल आणि घरचे वारस उघडे पडतील, ही त्यामागची भीती. इंग्लंडने ते कायदे १९६० साली मोडीत काढले, आपल्याकडे कलम तसंच राहिलं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन यांना ते लागू नव्हतंच. १९९१ साली पारशांनाही त्यातून वगळलं आणि मुख्यतः आपणच उरलो. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम हे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या खंडपीठाने हे कलम घटनेतल्या समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केलं. आपण कधी मरणार हे माणसाच्या हातात नसतं, मग त्या तारखेवर त्याच्या दानाचा हक्क टांगून ठेवायचा कसा, हा त्यातला साधा मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता.

निकाल योग्यच झाला. एका धर्माचा म्हातारा तेवढा भोळा, त्यालाच सरकारी राखण हवी, असं धरून चालणं अपमानाचं होतं. पण माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. कायद्याने आपल्यावर लादलेल्या त्या दोन गोष्टी, म्हणजे वेळेत लिहिणं आणि लिहिलेलं जमा करणं, आता कुणी सांगत नाही म्हणूनच आपण आपल्या मनाने पाळल्या पाहिजेत. बळजबरी गेली म्हणून शहाणपण टाकून द्यायचं कारण नाही. अंथरुणाला खिळल्यावर घाईने केलेलं दान कितीही मनापासून केलेलं असलं, तरी त्यावर संशयाची सावली पडतेच. धडधाकट असताना, मुलांना माहीत असताना केलेल्या दानावर कोर्टातही बोट ठेवणं अवघड जातं. जमा करण्याची सोय तर अजून आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. ते बंद पाकिटात घालून, लाखेची मोहोर लावून सोलापूरला जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. पाकिटावर आपलं नाव आणि आत काय आहे ते लिहायचं. निबंधक पाच नंबरच्या पुस्तकात वर्ष, महिना, दिवस, अगदी तासही लिहितो, मोहोरेवरची अक्षरं वाचता आली तर तीही उतरवून घेतो, आणि पाकीट आगीपासून सुरक्षित पेटीत ठेवतो. आपल्या पश्चात अर्ज आल्याशिवाय ते उघडत नाहीत. कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या कागदापेक्षा हे किती बरं!

आता पहिली हरकत. मंडळीला, म्हणजे चर्चला, दिलं की मुलांच्या तोंडचा घास काढला, असं लोक म्हणतात, आणि त्यांना उडवून लावण्यात अर्थ नाही. आपल्या कायद्यात हिंदू कुटुंबासारखा जन्मतः मिळणारा वडिलोपार्जित हिस्सा नाही. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्यामागे बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांत सारखं. मृत्युपत्र केलं तर मात्र सगळंच्या सगळं कुणालाही देता येतं. गोव्यात तसं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने मुलांचा निम्मा वाटा राखीव असतो, आईबापाला मोकळेपणाने देता येतं ते दुसऱ्या निम्म्यातलंच. माढ्यातल्या ख्रिस्ती आईबापाला असा लगाम नाही, म्हणूनच त्याने तो स्वतःला घालून घ्यावा. आधी मागे राहणाऱ्या नवऱ्याची किंवा बायकोची सोय, मग जी लेक किंवा जो लेक खरंच अडचणीत आहे त्याची, आणि त्यानंतर दान. आपण आयुष्यभर कमाईचा दशमांश देत आलो. शेवटच्या हिशेबातही तेवढाच धरला तर कुणाचं घर बुडत नाही. मला खटकतं ते वेगळंच. मुलगी परदेशात आहे, तिला कशाला, असं म्हणून तिचा वाटा मंडळीच्या नावाने लिहून टाकायचा आणि त्याला दान म्हणायचं! ते दान नव्हे. स्वतःच्या वाट्यातून दिलं तरच ते दान.

शेतीचं सांगायलाच हवं, कारण आपल्या तालुक्यात म्हाताऱ्यांकडे असते ती बहुधा जमीनच. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, जमिनीला भाव आला, आणि एखादा एकर मंडळीला ठेवावा असं कुणाच्याही मनात येतं. पण कुळकायद्याच्या ६३व्या कलमाने शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. गुजरातमधल्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिथे लागू असलेल्या त्याच कलमाबद्दल सांगितलं की मृत्युपत्रानेही ही वाट काढता येणार नाही. त्यातून आपल्या पुष्कळ घरांची जमीन जुन्या वतनाची. १९५८च्या कायद्याने वतनं गेली, जमीन पुन्हा मिळाली ती वर्ग २ची, म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. सातबाऱ्यावर हे लिहिलेलं असतं, पण मृत्युपत्र लिहिताना सातबारा उघडून बघतो कोण? तेव्हा द्यायचंच असेल तर ठेवीची रक्कम द्यावी किंवा गावठाणातली जागा द्यावी. आणि बँकेत नॉमिनी म्हणून नाव घातलं की काम झालं, असंही समजू नये. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक ठरतो तो वारस किंवा मृत्युपत्रात लिहिलेला माणूस.

हे सगळं तुला कोरडं वाटेल. पण आपण वाचायला शिकलो ती शाळा कुणाच्या पैशाने उभी राहिली याचा विचार कर. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली अहमदनगरला, पुढे सोलापूरला. त्यामागच्या अमेरिकन बोर्डाच्या मासिकात महिन्याच्या महिन्याला देणग्यांची यादी छापून यायची आणि मृत्युपत्रांतून आलेल्या रकमा तिच्यात वेगळ्या दाखवलेल्या असायच्या. शेतकऱ्यांच्या विधवा, गावातले दुकानदार, अशांनी ठेवलेले थोडेथोडे डॉलर. मोठी नावंही होती. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडनचे एसा ओटिस १८७९ साली वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रातून बोर्डाला सुमारे दहा लाख डॉलर आले. ज्यांनी भीमा नदीचं नावही ऐकलं नव्हतं अशांच्या शेवटच्या इच्छांवर आपल्या शाळा चालल्या. तू त्याच देशात राहतेस, म्हणून हे तुला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. पण नुसत्या पैशाने काम टिकत नाही, हे आपल्याच रेल्वेलाइनवर केडगावला दिसतं. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने पंडिता रमाबाईंना दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. केडगावची जमीन घेऊन फळझाडं लावली, पुढे उत्पन्न हवं म्हणून. वारस म्हणून त्यांची सगळी भिस्त मनोरमेवर होती, आणि ती १९२१ साली आईआधी गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी सहकारी मिस हेस्टींना पुढची जबाबदारी दिली आणि मग ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. माझ्या मते त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत सगळ्यांत मोलाची गोष्ट ही की आपल्यानंतर कोण, याचं उत्तर त्यांनी स्वतः देऊन ठेवलं.

दुसरी हरकत तुझ्या पिढीची, आणि ती मला जास्त बोचते, कारण तिच्यात तथ्य आहे. मंडळीचे पंच आपसांत भांडतात, जागांवरून दावे चालतात, मग आम्ही का द्यावं? १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अनेक पंथ एकत्र आले, पण मालमत्ता कुणाची यावरून खटले पुढची कित्येक वर्षं चालले. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव केल्याने मालमत्ता आपोआप सरकत नाही, त्यासाठी कायद्याची रीत पाळावी लागते. यावरून देणं थांबवावं असं मी म्हणणार नाही. डोळे उघडे ठेवून द्यावं, एवढंच म्हणेन. मृत्युपत्रात नुसतं ‘चर्चला’ लिहिलं तर ते स्थानिक मंडळीला की वरच्या संस्थेला, यावरच भांडण उभं राहतं. म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढावा, ट्रस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यातून जसाच्या तसा उतरवावा, आणि विश्वस्त म्हणून लिहिलेली माणसं हयात तरी आहेत का ते बघावं. विश्वस्त बदलल्याचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, वर्षानुवर्षं पडून असेल तर तिथे देण्याआधी दहादा विचार करावा. नोंदलेल्या ट्रस्टची जागा विश्वस्तांना आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, तेवढी राखण आहेच. शिवाय हेतू लिहावा: परिचारिकांच्या शिक्षणासाठी, मुलींच्या वसतिगृहासाठी, असं. संस्था बंद पडली तरी ती रक्कम त्याच्याच जवळच्या कामाला लावण्याची तरतूद कायद्यात आहे, पण हेतूच लिहिलेला नसेल तर जवळचं काम शोधायचं तरी कशावरून?

तिसरी हरकत भाविकांची. दान गुपचूप द्यावं अशी प्रभूची शिकवण आहे, मग मुलांना बसवून सांगायचं कशाला? मला वाटतं, ती शिकवण मोठेपणा मिरवण्याविरुद्ध आहे. घरच्यांपासून लपवण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. ज्यांच्या वाट्यातून ते जाणार त्यांना आधी सांगणं हा साधा प्रामाणिकपणा आहे. आणि पाळकसाहेबांनी या विषयावर जरूर बोलावं, पण कुणाचंही मृत्युपत्र स्वतः लिहू नये आणि त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये. साक्षीदाराच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावे काही ठेवलेलं असेल तर तेवढं देणं कायद्यानेच बाद होतं. पण त्याहीपेक्षा, १८६५च्या कायद्याने पाद्र्यावर जो संशय घेतला, त्याला पुन्हा जागा देऊ नये म्हणून. आपल्याकडे यावर बोलत का नाहीत, याचं उत्तर बहुतेक इथेच आहे. पाळकाला वाटतं आपण हावरे दिसू, म्हाताऱ्यांना वाटतं मरणाचा विषय काढला की अपशकुन होईल. तुमच्याकडचे वकील कर वाचवण्याच्या निमित्ताने तरी बोलतात. आपल्याकडे वारसा कर १९८५ सालीच गेला, त्यामुळे तेही निमित्त उरलं नाही. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या लोकांनी मरणाचा विषय टाळावा, हे मला पटत नाही.

आता तुझ्यापुरतं. तिथलं नागरिकत्व घेण्याचा तुझा विचार चाललाय. भारताचा पासपोर्ट आहे तोवर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत तू इथल्या मंडळीला पाठवलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललंस की, ओसीआय कार्ड असलं तरी, तो परकीय ठरतो. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीपासून असा पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी यावा लागतो. छोट्या गावच्या मंडळीला हे झेपत नाही. नागरिकत्व घेऊ नकोस असं मी म्हणत नाही, तुझं आयुष्य तू ठरव. पण इथल्या मंडळीसाठी काही करायचं मनात असेल तर आधी कर. आणि लग्न ठरलं तर लक्षात ठेव, आपल्या कायद्यात लग्नाने आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, नवं करावं लागतं. तुझ्या वयात मृत्युपत्र कशाला, असं म्हणू नकोस. तिकडच्या कागदपत्रांत इथल्या घराचा तुझा हिस्सा कसा लिहायचा ते त्या वकिलाला विचार आणि मला कळव. मला माझं पाकीट सोलापूरला द्यायचं आहे, त्याआधी तुझं उत्तर हवं.

रविवारी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली निदान दोन गीतं म्हणत जा, म्हणजे जीभ मराठीला सरावलेली राहील. थंडीत कानाला बांधत जा.

तुझी,
आत्या