कुजक्या फळीची सीमा

पावसाळ्यात भेडाघाटचा नौकाविहार बंद होतो. संगमरवरी कड्यांमधून एरवी संथपणे सरकणारी नर्मदा गढूळ आणि अनावर होते, आणि जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरांवरील या घाटाच्या लाकडी नावांना काठाचा आश्रय घ्यावा लागतो. नावाड्याला दुरुस्तीची सवड मिळते ती नेमकी याच महिन्यांत, जेव्हा लाकूड वाळण्याचे नाव घेत नाही.

लाकूड पाण्याने कुजते, ही समजूत अर्धीच खरी आहे. कुजविणाऱ्या बुरशीला ओलीइतकीच हवेचीही गरज असते. म्हणूनच सदैव बुडालेला तळ बराच टिकतो. ढासळतात त्या पाणरेषेलगतच्या फळ्या, आत साचलेल्या पावसात भिजणारे बरगड्यांचे बुडखे, फळ्यांची उघडी टोके आणि गंजल्या खिळ्यांभोवतीची जागा. वरचे डांबर शाबूत आणि आत नुसता भुसा, असा हा कपटी रोग आहे.

तो काढायचा कशाने? पूर्वी वाकस आणि पटाशी यांपलीकडे निवड नव्हती. आज बाजारात विजेवर चालणारी हत्यारे विपुल आहेत, आणि पहिला मोह पडतो तो ग्राइंडरचा. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी त्याची चकती कूज क्षणात उडवते. परंतु निरोगी लाकूडही ती त्याच उत्साहाने उडवते. शिवाय मागे उरणारा गुळगुळीत, करपलेला पृष्ठभाग दोहोंमधली सीमाच पुसून टाकतो. दातेरी चकती दडलेल्या खिळ्यावर आदळली तर हत्यार हातातून उसळते, ते वेगळेच. गोल करवत अख्खी फळी सरळ कापण्यापुरती ठीक; तिची खोली फळीच्या जाडीइतकीच बांधून घेतली नाही, तर मागची बरगडी जायबंदी होते. नावेच्या वळणदार अंगावर राउटरला बैठक मिळत नाही.

उरते ती कंपनावर चालणारी लहान करवत. तिचे पाते गरगर फिरत नाही. काही अंशांच्या कोनात अतिवेगाने थरथरते. कोपऱ्यात शिरते, आणि योग्य पाते असेल तर खिळाही कापते. ती मंद आहे, आणि हाच तिचा गुण. ती बॅटरीवरची असावी, कारण ओल्या घाटावर विजेची तार ओढणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

यंत्राला नाके मुरडणाऱ्यांनी शालाच्या जुन्या लाकडावर दिवसभर वाकस चालविणाऱ्या खांद्यालाही विचारावे. तरीही अखेरचा बोटभर भाग पटाशीचाच. टोचून उचकटले असता निरोगी लाकूड लांब, चिवट कुसळ देते. रोगट लाकूड आखूड तुकड्यांत तुटते. हा निवाडा कोणतीही मोटर देत नाही. कूज दिसते तिच्याही पुढे, विशेषतः लाकडाच्या रेषांच्या दिशेने, बुरशी पोचलेली असते. फार कापावे, तर बरगडी दुबळी होते आणि लांब सागवानी फळीचा खर्च नावाड्याच्या अंगावर येतो. थोडे कापावे, तर नव्या ठिगळाखाली जुना रोग राहतो, आणि पुढच्या हंगामात त्यावर प्रवासी बसतात. जीर्ण पोथीचा पाठ शोधणाऱ्या संपादकाचा पेच फारसा निराळा नसतो. त्याच्या हाती वीज नसते, हे वाङ्मयाचे सुदैव.

कापल्यावर लगेच ठिगळ लावणेही घातकच. ओलीचे प्रमाण वीस टक्क्यांखाली उतरण्यापूर्वी डांबर फासले, तर ओल आत कोंडली जाते. तेव्हा कापणी आषाढात उरकावी, नाव वरून ताडपत्रीने झाकून बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात, आणि फळी बसवावी ती आश्विनाच्या उन्हात.