मांगरातला अंधार

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण आपण थोरामोठ्यांच्या घरची उणीव दाखविण्यासाठी इतक्या सहजपणे वापरतो की, तो अंधार नेमका तिथेच का पडतो, हे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. माझे मन मात्र अलीकडे त्याच एका गोष्टीपाशी घुटमळत राहते. पणतीची ज्योत तेलाच्या वर जळते आणि तिचा खाली उतरू पाहणारा प्रकाश तेलाच्याच भांड्याने अडतो. म्हणजे ज्या संचितावर ज्योत जगते, त्याचीच सावली तिच्या पायाशी पडते. त्या अंधाराला उणीव म्हणावे की ऋण?

सावंतवाडीकडील आमच्या बागेतल्या मांगरात आता सोलरचा दिवा लागतो. येथील अक्षांश सुमारे १६ अंश, म्हणून साधारण तेवढाच उतार देऊन कौलांवर दक्षिणाभिमुख पॅनेल बसविले आहे. दिवसाची आवक बॅटरीत जमा होते आणि तिन्हीसांजेनंतर तिचा खर्च सुरू होतो. सिलिकॉनचे जे सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने जगापुढे मांडले आणि १९५८ मध्ये व्हॅनगार्ड उपग्रहाबरोबर अंतराळात गेले, त्याच जातीचे हे घट माडाच्या एका झावळीपुढे हतबल होतात. कारण ते एकापुढे एक असे ओळीने जोडलेले असतात आणि सावलीतल्या घटातून जेमतेम जाईल तेवढ्याच प्रवाहावर साऱ्या ओळीला समाधान मानावे लागते.

या दिव्याखाली मात्र अंधार नाही. कोयतीची धार, कुदळीचा गुळगुळीत झालेला दांडा, सोललेल्या नारळांची रास, सारे स्वच्छ दिसते. पण दिव्याचे बूड वर आहे, त्यामुळे वासे आणि आढे काळोखात राहतात, आणि तिथे पाकोळ्यांचा मुक्काम असतो. म्हण खोटी ठरली असे म्हणवत नाही. अंधाराने आपली जागा तेवढी बदलली.

मग त्या अंधारावर वहिवाट कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. मृगाच्या आगेमागे बागेत काजवे चमकतात. नर उडता उडता आपली खूण देतो, मादी गवतातून वा झुडपातून तिचे उत्तर देते, आणि हा सारा व्यवहार काळोखाच्या भरवशावर चालतो. दाराबाहेर दुसरा दिवा लावला, तर त्याच्या झोतात ते उत्तर हरवून जाईल. सूर्याचा प्रकाश फुकटचा म्हणून आपण तो निःशंकपणे साठवितो. परंतु रात्री तो जिथे ओततो, तिथला काळोख दुसऱ्या कोणाच्या संसाराचा आधार असू शकतो, हे त्या जमाखर्चात कोठेच नोंदले जात नाही.

तरीही याच बागेत फुरसे आहे. पाचोळ्यात वेटोळे घालून बसलेले ते जनावर अंधारात दिसत नाही, आणि राखणीला येणाऱ्या माणसाच्या पायाला काजव्याच्या उजेडाचा काही उपयोग नसतो. त्याच्यासाठी दिवा हवाच, असे मी ठामपणे म्हणतो आणि लगेच मनात येते की, हातातल्या विजेरीने एवढे काम भागणार नाही काय? विजेरी घरी विसरली तर? बाहेरच्या दिव्याची तार अजून जोडलेली नाही. ती जोडावी असे वाटण्याला आणि जोडू नये असे वाटण्याला मला सारखीच सबळ कारणे दिसतात, आणि ज्या म्हणीपासून हा विचार निघाला, ती यांपैकी कोणत्या बाजूची साक्ष देते, हेही आता मला पूर्वीइतके स्पष्ट राहिलेले नाही.