घटलेले इंजिन, वाढलेली शक्ती

स्पोर्ट्‌स कारचा खरा चाहता इंजिनाचा आवाज नुसत्या कानांनी ऐकत नाही. तो त्याला छातीत जाणवतो. म्हणूनच युरोपातील नामांकित कारखान्यांनी इंजिने लहान करावयास आरंभ केला, तेव्हा आपले काहीतरी हिरावले जात आहे, अशी त्याची भावना झाली.

निमित्त कायद्याचे होते. नव्या मोटारींतून किलोमीटरमागे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड 2015 पर्यंत सरासरी 130 ग्रॅमवर आणावा, असे युरोपीय संघाने 2009 मध्ये ठरविले. पुढे ही मर्यादा 95 ग्रॅमवर आली. मोजक्याच गाड्या बनविणाऱ्यांना सवलत मिळाली, तरी दिशा निश्चित झाली.

2015 मध्ये फेरारीने ‘458 इटालिया’च्या जागी ‘488 जीटीबी’ आणली. इंजिन साडेचार लिटरवरून 3.9 लिटरवर आले, आणि शक्ती 570 वरून 670 अश्वशक्तीवर गेली! ही किमया टर्बोचार्जरची. एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या झोताने त्यातील चक्र फिरते आणि सिलिंडरमध्ये दाबून हवा भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते. मात्र हेच चक्र आवाजाची धार बोथट करते, आणि चाहत्याचे दुःख नेमके तेथेच आहे.

पोर्शेने 2016 मध्ये ‘बॉक्स्टर’ला सहाऐवजी चार सिलिंडर दिले. त्यावरील नाराजी एवढी होती, की काही वर्षांतच महागड्या आवृत्त्यांत सहा सिलिंडर परतले. मर्सिडीज-एएमजीने 2022 मध्ये ‘सी 63’ला चार लिटरऐवजी दोन लिटरचे इंजिन देऊन विजेच्या मोटारीची जोड दिली. शक्ती 680 अश्वशक्तीवर पोहोचली आणि गाडीचे वजन दोन टनांपलीकडे गेले.

मर्यादा घातली की मनुष्याची बुद्धी नवी वाट शोधते, हे निःसंशय कौतुकास्पद. परंतु त्या बुद्धीने मिळविलेली बचत कोणाच्या पदरी पडली? तिचा मोठा वाटा वेगालाच मिळाला. संथ चालीत लहान इंजिन मिताहारी असते. पाय दाबताच त्याची भूक भडकते. नियमांनी इंजिनाचे माप घटविले, वेगाची हाव घटविली नाही. तो संयम चालकाने स्वतःच पाळावयाचा आहे.