मांजरांचा मोहल्ला

आपल्या मराठी भाषेने मांजराला फार वाईट वागवले आहे. ते आडवे जाते, डोळे मिटून दूध पिते, शिंके तुटण्याची वाट पाहत बसते. माणूस घाबरला की आपण त्याला भिजलेले मांजर म्हणतो आणि 'बोका' ही तर शिवीच झाली. कुत्र्याच्या इमानाचे गोडवे गाणाऱ्या या भाषेने मांजराच्या पदरी चोरीवाचून काही टाकले नाही. मी याच भाषेत लहानाचा मोठा झालो. आमच्या हुडकेश्वरच्या घराच्या कुंपणावर मांजर दिसले की आई हातात असेल ते घेऊन तिच्या मागे धावायची. त्यामुळे २०२२ च्या सप्टेंबरात एक वर्ष तुर्की भाषा शिकण्यासाठी मी इस्तंबूलला जाऊन पोहोचलो, तेव्हा त्या शहरात मांजरांचा काय रुबाब आहे हे पाहून चक्रावून गेलो.

न्हाव्याच्या दुकानात तीन खुर्च्या. एकीवर गिऱ्हाईक, एकीवर गिऱ्हाईक आणि तिसरीवर मांजर! चौथा माणूस निमूटपणे उभा. बँकेच्या दारात मांजर, पुस्तकांच्या ढिगावर मांजर, उभ्या मोटारीच्या टपावर मांजर. दुकानांच्या पायरीला पाण्याचे भांडे आणि खाण्याचे भांडे असायचेच. थंडीत तर फळ्यांची छोटी घरे करून ठेवतात, वर छप्परसुद्धा. ही काही अलीकडची हौस नव्हे. उस्मानी काळी 'मांजाजी' नावाचे फेरीवाले गल्लोगल्ली मांस विकत फिरत. ते माणसांसाठी नव्हे, मांजरे नि कुत्री यांच्यासाठी. लोक त्यांच्याकडून ते विकत घ्यायचे आणि तिथेच जनावरांपुढे टाकायचे. उस्कुदारच्या जुन्या मशिदींच्या भिंतींवर पाखरांसाठी दगडात कोरलेली चिमुकली घरे मी स्वतः पाहिली. खिडक्या नि घुमट यांसकट! आयासोफियात 'ग्ली' नावाची मांजर वर्षानुवर्षे राहत होती. २००९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथे आले तेव्हा त्यांनीही तिला कुरवाळले. २०२० च्या नोव्हेंबरात ती मेली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. आमच्या कादिकोय भागात तर 'तोम्बिली' नावाच्या एका लठ्ठ मांजराचा पुतळाच आहे. पायरीवर कोपर टेकून ते जसे ऐटीत बसत असे तस्साच. २०१६ मध्ये बसवला, पुढच्याच महिन्यात चोरीला गेला, आणि लोकांनी असा गहजब केला की चोराला तो परत आणून ठेवावा लागला. आपल्याकडे पुतळ्यांवरून होणारे तंटे आठवून मला त्या शहराचा हेवा वाटला.

पण मांजरे पाहून पोट भरत नाही आणि मनही भरत नाही. नव्या माणसाचे पहिले महिने कसे जातात हे ज्याचे त्याला ठाऊक. हसनपाशा मोहल्ल्यातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी खोली. लिफ्ट नाही. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय खाऊन राहिला रे तिथं?" मी सांगे, मसुराच्या डाळीचे सूप आणि ताक. मसुराला 'मेर्जिमेक' नि ताकाला 'आयरान' म्हणतात, एवढाच काय तो फरक. सकाळी पोह्यांवर तर्री नसते, तिळाचे गोल कडे असते, सिमित. कुणी विचारले, "कुठला?" की मी म्हणे, "हिंदिस्तान." मग दुकानदार गालात हसे. कारण तुर्कीत त्या मोठ्या कोंबड्यासारख्या पक्ष्याला 'हिंदी' म्हणतात. ज्याला इंग्रजांनी त्यांच्या देशाचे नाव दिले, त्याला त्यांनी आपल्या देशाचे दिले आणि मोकळे झाले!

भाषेने मात्र मला हात दिला. साबून, कलेम, किताप, दुनिया, मेयदान, पेनीर हे शब्द मला शिकावे लागलेच नाहीत. दुकान ते 'दुक्क्यान', हिशेब तो 'हेसाप', शिशी ती 'शिशे'. बाप तो 'बाबा'च. वास्तव्याच्या परवान्याला 'इकामेत' म्हणतात. आपला 'मुक्काम' त्याच अरबी धातूचा. मोहल्ल्याचा जो निवडून आलेला प्रमुख असतो तो 'मुहतार', म्हणजे आपला मुखत्यार. 'पाझार' म्हणजे बाजारही आणि रविवारही. आपल्या इतवारीत जन्म काढलेल्या माणसाला यात नवल ते काय! कादिकोयचा मंगळवारचा बाजार प्रसिद्ध आहे आणि त्याचे नावही साधे 'मंगळवार बाजार'. आपल्या मंगळवारी बाजाराचा लांबचा भाऊच म्हणा. काही शब्द मात्र फसवे. 'फकात' म्हणजे फक्त नव्हे, 'परंतु'. 'तामाम' म्हणजे तमाम नव्हे, 'बरं'. आणि दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'मामा' लिहिलेले पाहून मी थबकलोच. मामा म्हणजे तान्ह्या मुलाचे किंवा मांजराचे खाणे!

व्याकरणात एक गोष्ट तर अशी भेटली की भाषेच्या विद्यार्थ्यांना ती सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वतः पाहिलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचे एक रूप आणि ऐकलेल्या गोष्टीसाठी दुसरे. 'गेल्दी' म्हणजे आला, मी पाहिला. 'गेल्मिश' म्हणजे आला म्हणे. आमच्या वर्गात निरनिराळ्या देशांची मुले होती, ती या 'मिश'शी झटापट करीत बसली. मला काही करावेच लागले नाही. मराठीतला एक 'म्हणे' उचलला आणि शेवटी लावून टाकला.

नात्यांचेही तसेच. रस्त्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्या बाईला तुर्क माणूस 'तेय्झे' म्हणतो, म्हणजे मावशी. म्हाताऱ्या पुरुषाला 'अम्जा', म्हणजे काका. आपल्याकडेही आत्या कुणी म्हणत नाही, मावशीच म्हणतात; तिथेही आत्याला वेगळा शब्द असून रस्त्यावर तो चालत नाही. आत्याबाईंवर दोन्ही देशांनी सारखाच अन्याय केला आहे.

माझ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अशीच एक तेय्झे राहत होती. गुडघ्यांनी जेरीस आलेली. इस्तंबूलच्या जुन्या गल्ल्यांत बायका खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. खाली दुकानदार पाव ठेवतो, वर ओढून घ्यायचा. एके सकाळी मी बाहेर पडत होतो तर ती टोपली माझ्या नाकासमोर येऊन थांबली. आत पाव नव्हता. डबाभर मामा होता! वरून हाक आली, "ओलूम!" म्हणजे माझ्या मुला. तो डबा भिंतीजवळच्या भांड्यात ओतायचा, पाणी बदलायचे, एवढे काम. त्या शहरात मला मुलगा म्हणणारे ते पहिले माणूस, आणि त्या शहरात मला कुणी सांगितलेले ते पहिले काम. भांड्याशी एक पट्टेवाली मांजर बसली होती. तिला सगळे 'तेकिर' म्हणत. हे नावही नव्हे. पट्टेवाल्या मांजराला तेकिरच म्हणतात, आपण पांढऱ्या गाईला ढवळी म्हणतो तसे. तिच्या एका कानाचे टोक कापलेले होते. शस्त्रक्रिया झाली आहे, पिल्ले होणार नाहीत, अशी ती खूण.

हळूहळू मला कळले की या साऱ्याला एक शिस्त आहे. सोमवारी नि गुरुवारी तेय्झे, मंगळवारी शिंपी, बुधवारी कोपऱ्यावरचा भाजीवाला, असे वार ठरलेले. कुठेही लिहिलेले नाही, पण मोडलेलेही नाही. आणि पशुवैद्याकडे गल्लीच्या नावाने उधारीचे खाते. मला शुक्रवार मिळाला. गंमत वाटेल, पण त्या परवान्याच्या कागदापेक्षा मला या शुक्रवाराचा आधार वाटला. आता मोहल्ल्यात माझा एक वार होता.

हे दिवस तिथल्या लोकांना सोपे नव्हते. २०२२ च्या ऑक्टोबरात तुर्कीतली वार्षिक महागाई सरकारी आकड्यानेच ८५ टक्क्यांवर गेली होती. पावाचा भाव महिन्या-दोन महिन्यांनी बदले. पाववाल्याच्या दुकानात 'टांगलेला पाव' असतो. ज्याला परवडते तो एका पावाचे जास्तीचे पैसे देऊन ठेवतो, ज्याला परवडत नाही तो येऊन नुसते विचारतो आणि घेऊन जातो. कुणी ठेवला, कुणी नेला, हे एकमेकांना कळत नाही. माझ्या विद्यावेतनात महिन्याची शेवटची आठवण म्हणजे चहा नि सिमित. अशात जानेवारीत तेकिर आजारी पडली. डोळे चिकटले, नाक गळू लागले, तीन दिवस भांड्याला तोंड लावीना. शिंप्याने तिला पेटीत घातले आणि मी ती पेटी छातीशी धरून पशुवैद्याकडे नेली. औषध, सुई, रात्रभर तिथेच ठेवणे. बिलाचा आकडा ऐकून माझा घसा कोरडा पडला. शिंप्याच्या ते लक्षात आले असावे. तो म्हणाला, "तू मांजर आणलेस, ते झाले. पैसे गल्ली देईल." पुढचे तीन महिने प्रत्येकाने थोडे थोडे दिले. भाजीवाल्याच्या धंद्याची तेव्हा काय अवस्था होती ते मी पाहत होतो. त्यानेही दिले, कुरकुरत दिले, पण दिले. ही कुरकूर मला फार खरी वाटली. निव्वळ दयेवर चाललेले काम अशा महागाईत टिकले नसते. वाटून घेतले होते म्हणून टिकले.

आईला फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "तू तिथं शिकाले गेला का मांजरी पोसाले?" मग जरा थांबून, "आता खाते का ती?"

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे दक्षिण तुर्कीत भूकंप झाला. ५३ हजारांहून अधिक माणसे एका तुर्कीतच गेली. इस्तंबूल दूर, पण आमच्या गल्लीत ज्याचे कुणी त्या बाजूला नाही असे घर नव्हते. दोन-तीन दिवसांनी मी पाववाल्याकडे गेलो तर त्याने पैसे घेतले नाहीत. नुसते म्हणाला, "दोस्त." भारताने पाठवलेल्या मदतीच्या मोहिमेचे नावच 'ऑपरेशन दोस्त' होते आणि दोस्त हा शब्द दोघांचाही. आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या कुत्र्यांनी नुर्दाई गावी ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधून काढली, ही बातमी त्यानेच मला दाखवली. या दलाची अकादमी आमच्या नागपुरात आहे हे मी त्याला सांगितले. तेव्हा माझी मान किंचित ताठ झाली, हे कबूल करतो.

तुर्क म्हणजे भूतदयेचे पुतळे, असे मात्र मला म्हणायचे नाही. याच इस्तंबूलने १९१० साली रस्त्यांवरची हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. ती तिथे भुकेने आणि तहानेने मेली. त्यांचे विव्हळणे किनाऱ्यापर्यंत ऐकू येत असे, असे सांगतात. आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून रस्त्यांवरची कुत्री उचलून निवाऱ्यांत कोंडण्याची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. त्याआधी २००४ पासूनचा कायदा शस्त्रक्रिया करा, लस टोचा आणि जिथून आणले तिथेच सोडा, असा होता. तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले, दोन्ही बाजूंनी. ज्यांची मुले कुत्र्यांनी फाडली होती ती आई-बापेही त्यांत होती.

मी तिथे असतानाच, २०२२ च्या ऑक्टोबरात, बाबांनी मला एका बातमीचे छायाचित्र पाठवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला होता की ज्याला भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल त्याने आधी ते रीतसर दत्तक घ्यावे, घरी न्यावे. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या सक्तीला स्थगिती दिली. मी ती बातमी तेय्झेला उलगडून सांगू लागलो, तर तिला त्यातले 'मालक' कोण हेच कळेना. "कुत्रा रस्त्याचा आहे ना?" ती म्हणाली. "मग रस्त्यावर राहणारे सगळे त्याचे कुणीतरी लागतात."

हे वाक्य घेऊन मी हुडकेश्वरला परत आलो. आमचे हुडकेश्वर २०१३ मध्ये महानगरपालिकेत आले. शेते होती तिथे लेआउट पडले. प्रत्येक प्लॉटला भिंत, प्रत्येक भिंतीला फाटक, आणि फाटकाच्या बाहेर जे आहे ते कुणाचेच नाही. रात्री तिथे कुत्री जमतात. मी एका रिकाम्या प्लॉटच्या कोपऱ्यावर पाण्याची कुंडी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी समोरचे काका आले. आवाज चढवला नाही. "माझ्या नातीले मागच्या उन्हाळ्यात चावलं. इंजेक्शनं देऊन आणली. आता ती गेटच्या बाहेर पाय टाकत नाही. तू पाणी ठेवशील, कुत्री इथंच बसतील. सांग, मी काय करू?"

मला त्यांना तेय्झेचे वाक्य ऐकवता आले नाही. ते वाक्य कान कापलेल्या मांजरांच्या गल्लीत जन्मले होते. आमच्या गल्लीतल्या एकाही कुत्र्याच्या कानाला खूण नव्हती. कुंडी मी उचलून शाळकरी मुलांच्या वाटेपासून दूर, नाल्याकडच्या टोकाला नेली. मग काका नि मी मिळून महापालिकेत अर्ज दिला: आधी शस्त्रक्रिया आणि लस, मग खाण्याची जागा. २०२३ च्या केंद्रीय नियमांतही जवळजवळ असेच सांगितले आहे. अर्जावर सह्या गोळा करताना अकरा घरांची दारे वाजवली. त्यांतल्या चार घरांत मी जन्मात पहिल्यांदाच पाऊल टाकले. दोघांनी हाकलले, एका काकूंनी चहा दिला आणि विचारले, "पाणी बदलाचं काम असन तर शनिवार माझा."

तेय्झेचे निरोप अजून येतात. तिच्या नातवाकडून लिहवून घेते. गुडघे आता फारच दुखतात, खाली उतरणे बंद झाले आहे, टोपली मात्र चालू आहे. मागच्या निरोपात तेकिरची हकिगत होती. गेली थंडी जड गेल्यापासून तिने भिंतीजवळची जागा सोडली आणि शिंप्याच्या दुकानात, इस्तरीच्या मेजाखाली, बस्तान हलवले. तेय्झेने हे स्वतः पाहिलेले नाही, म्हणून तिने क्रियापद 'मिश' लावून लिहवले होते. राहायला गेली म्हणे. माझा शुक्रवार आता कुणाकडे आहे, हे मी विचारले आहे. उत्तर यायचे आहे.